प्रशिक्षण संपल्यावर मुलांचं पुढे काय होतं, हे मोजायचं कसं? (रत्नागिरी-सिंधुदुर्ग)

खाडीकाठ:

नमस्कार मंडळी,

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ पहिलं येणं ही आता बातमीसुद्धा राहिलेली नाही. २०२५ मध्ये दहावीचा निकाल ९८.८२ टक्के लागला, बारावीचा ९६.७४. मुलांनी मेहनत केली, शिक्षकांनी ती करून घेतली, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण हीच मुलं पाच वर्षांनी कुठे आहेत, काय कमावतात, शिकलेलं कामाला आलं का, असं विचारलं तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांत त्याचं उत्तर असलेली वही सापडत नाही. जनगणनेत थोडा अंदाज येतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्हा १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आला, सिंधुदुर्ग ८.६९ वरून ८.५० वर. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका. बाकीचे पुरुष मुंबईत आहेत हे सांगायला कुठल्याही सर्वेक्षणाची गरज नाही.

मी राजापूर भागात एका छोट्या संस्थेच्या प्रशिक्षण केंद्रात पाठपुराव्याचं काम बघते. हॉटेल सेवा, वायरमन, शिवण, रुग्णसहायक असे वर्ग चालतात. पैसे देणारा कुणीही असो, विचारणा तीच: किती आले, किती पास झाले, किती लागले. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २०१४ मध्ये आली, तिने निदान ७० टक्के मुलांना नोकरी आणि तीन महिने सलग काम अशी अट घातली. ही अट त्या काळी मोठं पाऊल होतं, कारण त्याआधी बहुतेक ठिकाणी प्रमाणपत्र दिलं की फाईल बंद व्हायची. तरीही आपल्याकडच्या मुलांचं आयुष्य त्या अटीत बसत नाही.

पहिली अडचण भागाकाराची. समजा वर्गात ४० मुलं आली. ३२ जणांनी पूर्ण केलं, २८ पास झाली, २१ जणांना काम लागलं. पास झालेल्यांवर भाग दिला तर ७५ टक्के. आलेल्यांवर दिला तर ५२.५. दोन्ही आकडे खरे, पण अहवालात पहिलाच जातो. सोडून गेलेली ती आठ जणं कोण? कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या गावची एसटीची फेरी बंद झाली, कुणी फेब्रुवारीत आंब्याच्या बागेत फवारणीला गेलं. आमचा वर्ग कुणाला पेलतो आणि कुणाला पेलत नाही, ते या आठ जणांकडूनच कळतं. आणि अहवालात नेमकी त्यांचीच नावं नसतात.

दुसरी अडचण महिन्यांची. हॉटेलचा वर्ग ऑक्टोबरमध्ये संपला की नोव्हेंबर ते जानेवारी मालवण-तारकर्लीला पर्यटकांची गर्दी. तीन महिने पूर्ण, नोंद झाली, हप्ता मिळाला. मेअखेर समुद्र खवळतो, स्कुबा आणि वॉटर स्पोर्ट्स बंद होतात आणि त्याच मुलांना मालक सांगतो, गणपतीनंतर ये. तेव्हा त्यांना विचारणारं कुणी नसतं.

तिसरी अडचण: आपल्याकडे एका माणसाचं एकच काम नसतं. मार्च ते मे आंबा, ऑगस्टपासून बोट, मधे भातलावणी, जमलं तर रिक्षा. सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीत दोन मापं आहेत. चालू साप्ताहिक स्थितीत आठवड्यात कुठल्याही दिवशी एक तास काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. नेहमीच्या स्थितीत गेल्या ३६५ दिवसांचा विचार होतो आणि ३० दिवस काम असेल तर ते दुय्यम काम म्हणून धरलं जातं. पहिल्या मापाने आमचा मुलगा जुलैत लावणी उरकल्यावर बेकार निघेल, दुसऱ्याने कमावता. योजनेच्या फॉर्मवर मात्र ‘पगारपत्रक जोडा’ एवढंच लिहिलेलं.

तर विचारायचं हे: काय मोजावं, कधी मोजावं, कुणाला विचारावं? अनुभव असेल त्यांनी जरूर लिहा. मला पुढच्या वर्गासाठी फॉर्म बदलायचा आहे.

निवृत्त_निदेशक:

ताई, चांगला विषय काढलात. आयटीआयमध्ये शिल्प निदेशक म्हणून आयुष्य गेलं, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

एक, ‘लागला’ या रकान्याशेजारी ‘शिकला त्याच कामात आहे का’ हा रकाना हवाच. वायरमन झालेला मुलगा मुंबईत सिक्युरिटी गार्ड म्हणून उभा राहिला तर त्याच्या घरी पैसे येतात, ते वाईट नाही. पण त्यात माझ्या शिकवण्याचा वाटा काय? तो मुलगा वर्ग न करताही तिथे उभा राहिला असता. माझे फिटर लोट्याच्या कारखान्यांत ऑपरेटर झाले, त्यांना मी शिकल्या कामात धरतो. मोजपट्टी वाचणं आणि मशीनचा आवाज ओळखणं त्यांना तिथे रोज लागतं.

दोन, लोटे-परशुराम, मिरजोळे, कुडाळ, कुठलीही एमआयडीसी घ्या. मुलगा कंपनीच्या गेटमधून आत जातो, पण नाव ठेकेदाराच्या हजेरीवर असतं. ठेकेदार बदलला की तुमच्या नोंदीत त्याची नोकरी सुटलेली दिसते, आणि तो मात्र त्याच मशीनवर असतो. म्हणून भविष्य निर्वाह निधीचा यूएएन लिहून ठेवा. मालक बदलला तरी तो क्रमांक तोच राहतो. ज्याचा पीएफच कापला जात नाही त्याच्यासाठी हा उपाय नाही, आणि आपल्याकडे असे पुष्कळ आहेत.

आकडेमोड:

मी पुण्यात असते, अशा कार्यक्रमांचं मूल्यमापन करणं हेच माझं काम. मूळ गाव गुहागरजवळ.

खाडीकाठ, तुमच्या तिन्ही अडचणी बरोबर आहेत, पण त्यांच्या मुळाशी चौथी आहे. वर्ग केला नसता तर त्या मुलाचं काय झालं असतं? याचं उत्तर मिळाल्याशिवाय २१ काय आणि ३१ काय, आकडा मुका राहतो.

तुमच्याकडे ही चूक किती सहज होते बघा. मुलं वर्गाला कधी येतात? हंगाम संपला, हातात काम नाही, तेव्हा. म्हणजे जूनमध्ये. तेव्हा ‘सध्याचं उत्पन्न’ विचारलं तर शून्य. मग पाठपुरावा एप्रिलमध्ये केला तर उत्पन्न भरपूर, कारण आंबा चालू आहे. फरक सगळा प्रशिक्षणाच्या नावावर जमा! अर्थतज्ज्ञ ऑर्ले अॅशेनफेल्टर यांनी १९७८ मध्ये अमेरिकेतल्या प्रशिक्षणार्थींच्या कमाईत हेच दाखवलं होतं: लोक कमाई घसरल्यावर प्रशिक्षणाला येतात, त्यामुळे आधी-नंतरची तुलना फसवते. कोकणात त्यावर हंगामाची भर पडते. म्हणून पहिला नियम: जूनमध्ये विचारलं असेल तर पुढच्या जूनमध्येच विचारा. शक्य असेल तर आधीच्या पूर्ण वर्षाची कमाई महिन्यावार लिहून घ्या.

उलट बाजूही आहे. २०२० च्या मार्चमध्ये हॉटेलचा वर्ग पूर्ण केलेल्यांना काम कुठून मिळणार होतं? जूनच्या ३ तारखेला निसर्ग चक्रीवादळ आलं, दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते, २२ जुलैला चिपळूणचा पूर. त्या वर्षांचे आकडे पडले म्हणून केंद्र वाईट ठरवलं तर अन्याय होईल. शेजारच्या गावातली, तशाच घरातली, वर्ग न केलेली मुलं त्याच वेळी कशी होती हे माहीत असेल तरच निवाडा करता येतो.

खाडीकाठ:

@आकडेमोड, जूनला जून हे लगेच करता येईल. पण ‘वर्ग न केलेली मुलं’ आणायची कुठून? चिठ्ठ्या टाकून एकाला प्रवेश आणि दुसऱ्याला नकार, हे मला दारात उभ्या असलेल्या आईला सांगता येणार नाही.

आकडेमोड:

तुमची अडचण कळते. पण आताही तुम्ही कुणाला तरी नकार देताच ना? ३० जागा आणि ५० अर्ज असतील तर २० जण परत जातात. मुलाखतीत चुणचुणीत दिसणारी ३० आपण घेतो, आणि ती वर्ग न करताही लागली असती.

अमेरिकेने याचा मोठा धडा घेतला. १९८२ च्या रोजगार प्रशिक्षण कायद्याखाली केंद्रांचं यश नोकरी लागण्यावर तोललं जायचं, तेव्हा सहज लागतील अशीच माणसं निवडली जातात ही तक्रार वारंवार झाली. पुढे अर्जदारांना चिठ्ठीने दोन गटांत वाटून अभ्यास केला, तेव्हा प्रौढ बायकांना थोडा फायदा दिसला आणि शाळा सोडलेल्या तरुणांना जवळपास काहीच नाही. कोलंबियात २००५ मध्ये गरीब शहरी तरुणांच्या कार्यक्रमात जागांपेक्षा पात्र अर्ज जास्त होते, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. तिथे मुलींची कमाई सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली आढळली. तोच मार्ग, तसाच वयोगट, निष्कर्ष निराळा, आणि तो विश्वासाने सांगता आला तो तुलनेमुळे.

तुमच्यासाठी सोपी वाट: कुणालाच कायमचा नकार नको. पात्र ५० जणांची यादी करा, ग्रामसभेत सर्वांसमोर चिठ्ठ्या काढा, पहिला वर्ग आता आणि दुसरा सहा महिन्यांनी. मधल्या काळात दुसऱ्या वर्गाची वाट पाहणारी मुलं हाच तुमचा तुलनेचा गट. वशिल्याने भरलेल्या यादीपेक्षा लोकांना ही चिठ्ठी जास्त पटते असा माझा अनुभव आहे.

सुरंगी:

मी बरेच महिने फक्त वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. मी अशाच एका वर्गातून रुग्णसहायकाचं काम शिकले. गाव देवगड तालुक्यात.

वर्ग संपल्यावर मला मुंबईत एका खाजगी रुग्णालयात लावलं. तीन महिने झाले, फोन आला, ‘आहेस ना कामावर?’ मी हो म्हटलं. त्यानंतर कुणाचा फोन नाही. कागदावर मी यशस्वी आहे. पण चौघींत घेतलेल्या खोलीचं भाडं, लोकलचा पास, डबा एवढं गेल्यावर घरी पाठवायला काही उरत नव्हतं, आणि रात्रपाळीनंतर एकटीने परत यायचं. मी वर्ष व्हायच्या आत परत आले. तेव्हा कुणी विचारलं असतं तर कागदावर मी ‘नोकरी सोडली’ म्हणून अपयशी ठरले असते.

आता मी गावात आहे. आठवड्यातले काही दिवस तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरांकडे मदतीला जाते. बाकी दिवस वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांचं ब्लड प्रेशर, साखर बघणं, जखमेची पट्टी बदलणं. मुलं मुंबईत, आईवडील इथे, त्यामुळे पैसे मुंबईहून माझ्या खात्यावर येतात. पगारपत्रक नाही. पण शिकलेलं रोज वापरते, हातात उरतं मुंबईपेक्षा जास्त, आणि लग्नाची घाई कर असं घरात आता कुणी म्हणत नाही. हे कुठल्या रकान्यात जाईल?

ताई, तुम्ही फॉर्म बदलताय तर तीन प्रश्न घाला. खर्च जाऊन हातात काय उरतं? ते पैसे कुणाच्या खात्यात जातात? आणि हे काम तुला पुढच्या वर्षी करायचंय का?

निवृत्त_निदेशक:

सुरंगी, बाळ, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. तिसरा प्रश्न मी आयुष्यभर कुणाला विचारला नाही, आणि तो सर्वात आधी विचारायला हवा.

दोडामार्गचो:

माझो झील आयटीआय करून गोव्यात कंपनीक लागलो. सकाळी साडेपाचाक गाडी घेऊन घराकडसून सुटता, रात्री आठाक येता. पावसात तो येयपर्यंत माका जीव मुठीत धरून बसाक लागता. तुमच्या वहीत तेचो पगार लिवतल्यात, पण पेट्रोलाक किती जाता, वाटेत किती तास जातत, ता लिवतल्यात काय? दुसरा म्हणजे शिक्षण महाराष्ट्रात, नोकरी गोव्यात. हय विचारल्यार जिल्ह्यात नोकरी नाय म्हणान तेका धरीत नाय, थंय विचारल्यार भायलो म्हणतत. मगे तो खंयच्या हिशोबात?

खाडीकाठ:

@दोडामार्गचो, दादा, तुमचा झील आमच्या हिशोबात. कामाचं ठिकाण, घरापासूनचं अंतर, जायला-यायला लागणारा वेळ हे तीन रकाने वाढवते. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गची कितीतरी मुलं रोज हद्द ओलांडतात, आणि जिल्ह्याच्या आकड्यात ती दिसत नाहीत.

काजूबी:

वेंगुर्ल्याजवळ आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. मालकाच्या बाजूने लिहितो.

मला आजवर जे फोन आले ते दोन प्रकारचे. एक, ‘आमच्या मुली घ्या’. दुसरा, ‘मुली येणार नाहीत, पण कामावर घेतल्याचं पत्र तेवढं द्या’. हा दुसरा फोन करणाऱ्या संस्थेचं नाव मी लिहिणार नाही. पत्र दिलं नाही. पण ते कुणीतरी देतं, म्हणूनच मागायची हिंमत होते. पैसे पत्रावर मिळणार असतील तर पत्रं तयार होणारच.

मालकाला काय विचारावं ते सांगतो. ‘तुम्ही समाधानी आहात का’ असं विचारू नका, त्यावर सगळे हो म्हणतात. ‘याच केंद्रातून तुम्ही पुन्हा कुणाला घेतलं का’ असं विचारा. ग्रेडिंग शिकून आलेल्या मुलीला पांढरा आणि करपट गर वेगळा करता येतो की नाही हे मला पहिल्या आठवड्यात कळतं. येत असेल तर पुढच्या हंगामात मीच त्या केंद्राला फोन करतो.

आकडेमोड:

@काजूबी, तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे. अमेरिकेच्या रोजगार-प्रशिक्षणाच्या २०१४ च्या कायद्यात मालकांना सेवा कितपत उपयोगी पडली हा स्वतंत्र निर्देशक आहे. त्याच कायद्यात तरुणांसाठी कार्यक्रमातून बाहेर पडल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत ते नोकरीत, शिक्षणात किंवा प्रशिक्षणात आहेत का हे बघतात. चौथी तिमाही म्हणजे जवळपास वर्ष. शिवाय शिक्षण चालू ठेवणारा मुलगाही यशस्वी धरतात, हे मला फार आवडतं. आपल्याकडे वर्ग करून बारावीनंतर पदविकेला गेलेला मुलगा ‘न लागलेला’ ठरतो. कमाईसाठी ते मध्यक घेतात, म्हणजे सगळ्यांना कमाईप्रमाणे रांगेत उभं करून मधल्याची कमाई. बॅचमधला एक जण मर्चंट नेव्हीत गेला तर सरासरी उगाच फुगते, मध्यक हलत नाही.

पत्रांच्या बाबतीत: निकालावर पैसे देणं वाईटच असं मी म्हणणार नाही. नेपाळमध्ये २००८ पासून चाललेल्या रोजगार निधीत तीन आणि सहा महिन्यांनी कमाई तपासून हप्ते दिले जात. वंचित गटांतल्या बायकांना काम मिळवून दिलं तर संस्थेला जास्त रक्कम मिळायची, म्हणजे सोपी माणसं निवडण्याचा मोह कमी. आपल्या आंब्याच्या बागा राखायला आणि बोटींवर जो नेपाळी माणूस येतो त्याच्याच देशातला हा प्रयोग आहे, आपण तो अभ्यासायला हवा. भारतात २०२१ मध्ये स्किल इम्पॅक्ट बाँड सुरू झाला, म्हणजे गुंतवणूकदार आधी पैसे घालतो आणि निकाल दिसला तरच ते त्याला परत मिळतात. ५० हजार तरुणांचं लक्ष्य, त्यात ६० टक्के मुली, आणि तीन महिने टिकण्यावर पैसे. ज्याला हप्ता मिळणार आहे त्यानेच तपासणी करायची नाही, हा यातला कळीचा मुद्दा.

बाकावरून:

मी माध्यमिक शिक्षिका आहे, संगमेश्वर तालुका. चर्चा नोकरीवर गेली म्हणून शिक्षणाबद्दल थोडं.

‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना तपासलं. ८६.८ टक्के मुलं कुठे ना कुठे शिकत होती. पण सुमारे पाव मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सलग वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं ४३.३ टक्क्यांनाच जमलं. म्हणजे मूल पटावर आहे आणि पासही होतंय, तरी हातात किती आलं हे वेगळं बघावं लागतं.

म्हणून खाडीकाठ ताई, वर्गाच्या पहिल्या दिवशी छोटी तपासणी घ्या. बिल वाचता येतं का, टक्केवारी काढता येते का, अनोळखी माणसाशी फोनवर बोलता येतं का. शेवटच्या दिवशी पुन्हा तीच. जी मुलगी बिल वाचू शकत नव्हती आणि आता वाचते, तिने कापलेलं अंतर मोठं आहे, तिला नोकरी लागायला वेळ लागला तरी. राजस्थानात ‘एज्युकेट गर्ल्स’ या संस्थेच्या अशाच बाँडमध्ये २०१५ ते २०१८ अशीच शिकण्यातली प्रगती मोजली, तुलनेची गावं घेऊन. शिकण्याचं लक्ष्य १६० टक्के गाठलं गेलं.

चाकरमानी_लालबाग:

ताई, फोन लागत नाहीत, नंबर बदलतात, ही तुमची अडचण तुम्ही लिहिली नाहीत, पण असणारच. त्यावर आपल्याकडे तयार व्यवस्था आहे. कोकणातल्या बहुतेक गावांचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ असतं. कोण नालासोपाऱ्याला, कोण दिव्याला, कोण कुठल्या कंपनीत, हे मंडळाच्या सेक्रेटरीला तोंडपाठ असतं. गणपतीला आणि शिमग्याला सगळे गावात. तुमचा वार्षिक पाठपुरावा गणपतीच्या आठवड्यात ठेवा. फोनवर दोन मिनिटं मिळतात, पडवीत बसून अर्धा तास माणूस मोकळेपणाने बोलतो.

आकडेमोड:

सूचना उत्तम, एक सावधगिरी मात्र हवी. गणपतीला ज्याला सुट्टी मिळते, गाडीभाडं परवडतं, तोच येतो. ज्याचं बरं चाललेलं नाही तो तोंड दाखवायला कचरतो. म्हणून आलेल्यांवरून सगळ्यांचा अंदाज बांधू नका. जे सापडले नाहीत त्यांची यादी करा, त्यातले चार-पाच जण चिठ्ठीने निवडा आणि तेवढ्यांना काही झालं तरी शोधून काढा. सगळ्यांच्या मागे अर्धवट धावण्यापेक्षा या थोड्यांकडून जास्त खरं कळतं. आणि प्रवेशाच्या वेळी तीन नंबर घ्या: स्वतःचा, घरचा, आणि जागा न बदलणाऱ्या एखाद्याचा, म्हणजे मामा, किराणा दुकानदार, पोस्टमन.

देवगडकर:

स्वतःचा धंदा करणाऱ्यांचं काय? मी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेतून फळप्रक्रिया शिकलो. कर्नाटकातल्या उजिऱ्याच्या रुडसेटी या संस्थेने १९८२ मध्ये घालून दिलेल्या पद्धतीवर या आरसेटी चालतात, प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा अपेक्षित असतो. ही दोन वर्षं फार कामाची. पहिल्या वर्षी आंबा पोळी, कोकम सरबत करून विकलं, पण हातात काही आलं नाही, कारण बाटल्या आणि लेबलात पैसे अडकले. दुसऱ्या हंगामात जमलं. तीन महिन्यांनी विचारलं असतं तर मी बुडालेला, आणि कर्ज मंजूर झालं म्हणून नोंद केली असती तर पहिल्याच दिवशी यशस्वी. दोन्ही चुकीचं. धंद्यात दुसऱ्या हंगामात कच्चा माल स्वतःच्या पैशाने घेतला का, एवढं विचारा.

ग्रामपंचायतीतला:

माझाही एक प्रश्न. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत मी ग्रामपंचायतीत होतो. २०२४ मध्ये योजना आली तेव्हा सहा महिने होते, पुढे पाच वाढवले. पदवीधर म्हणून महिना १० हजार विद्यावेतन मिळायचं, आयटीआयवाल्यांना ८, बारावीवाल्यांना ६. त्या काळात मला कमावता धरायचं का? कारण ते संपल्यावर मी पुन्हा घरीच आहे.

खाडीकाठ:

@ग्रामपंचायतीतला, विद्यावेतनाच्या काळाची नोंद वेगळी ठेवेन, परिणामात धरणार नाही. तुमच्यासारख्यांसाठी विद्यावेतन संपल्यानंतरचा महिना आणि त्याच्या पुढच्या वर्षीचा तोच महिना, हे दोन धरायला हवेत. तुम्ही तिथे दाखले, ऑनलाइन अर्ज, जमाखर्च असं काही शिकला असाल तर ते जरूर लिहून ठेवा, पुढे कुठेही मुलाखतीला उपयोगी पडेल.

सगळ्यांचे मनापासून आभार. माझा कच्चा फॉर्म असा झालाय. प्रवेशाच्या दिवशी: गेल्या बारा महिन्यांची कमाई महिन्यावार, छोटी तपासणी, तीन नंबर. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात: काय काय कामं केली, शिकलेलं त्यात लागतं का, खर्च जाऊन काय उरतं, पैसे कुणाच्या हातात, वाटेत किती वेळ, पुढच्या वर्षी हेच करायचंय का, की पुढे शिकतोय. मालकाला एकच प्रश्न, काजूबींचा. टक्केवारी आलेल्या सगळ्यांवर काढायची, सोडून गेलेल्यांसकट. पैसे देणाऱ्यांना हवा तो आकडाही देईन, पण त्याच्या शेजारी हा छापूनच.

सुरंगी:

ताई, आणखी एक. हे सगळं लिहून घेताना मुलीला आधी सांगाल ना, की कशासाठी विचारताय आणि कोण वाचणार? मंडळाच्या सेक्रेटरींना सगळं माहीत असतं म्हणता, पण माझा पगार मला वाडीत कुणाला कळायला नको आहे. आणि मी नोकरी का सोडली हे तर मुळीच नको.

खाडीकाठ:

अगदी बरोबर. मंडळाकडून फक्त सध्याचा नंबर घ्यायचा, बाकी काही विचारायचं नाही. प्रवेशाच्या वेळीच लेखी संमती, मराठीत, समजेल अशी. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमतीवर भर आहे, पण कायदा नसता तरी हे करायला हवं होतं. कमाईचं पान नावाशिवाय, नुसत्या क्रमांकाने ठेवेन. आणि जिची नोंद, तिला ती हवी तेव्हा वाचायला मिळेल, चुकली असेल तर दुरुस्त करता येईल.

एक गोष्ट अजून ठरत नाही. किनाऱ्यावरच्या गावांतल्या मुलांसाठी आम्ही इंजिन दुरुस्तीचा वर्ग घेणार आहोत. तो जून-जुलैच्या मासेमारी बंदीत चालेल. पाठपुरावा ऑगस्टमध्ये, बोटी सुटल्यावर धरावा, की नोव्हेंबरमध्ये?

मिऱ्याबंदर:

नोव्हेंबर धरा. ऑगस्टमध्ये बोटी सुटायच्या वेळी खलाशांना मालकाकडून उचल मिळते, तेव्हा प्रत्येकाच्या हातात पैसा दिसतो, पण तो पुढच्या कामातून फेडायचा असतो. शिवाय सुरुवातीला वारा-पावसात किती फेऱ्या होतील याचा भरवसा नाही. नोव्हेंबरपर्यंत उचल किती फिटली, मुलगा त्याच बोटीवर टिकला का, हे स्पष्ट होतं. आणि इंजिनवाल्याला वेगळं विचारा: बोट समुद्रात बंद पडली तेव्हा त्याने ती स्वतः चालू केली, की दुसऱ्या बोटीने ओढून आणावी लागली? तांडेलालाही, म्हणजे बोटीच्या प्रमुखालाही, हेच विचारा, तो खरं सांगेल.